पट्ट्यांवरचे गाणे : गोविंदराव टेंबे यांची पेटी आणि लेखणी

काशीच्या घाटांच्या रांगेत राजाघाट म्हणून जो घाट ओळखला जातो, त्याचेच दुसरे नाव अमृतराव घाट. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव हे वसईच्या तहानंतरच्या उलाढालीत पुण्याला मुकले. १८०३ साली इंग्रजांकडून सालीना सात लक्ष रुपयांची नेमणूक पदरात पाडून घेऊन ते उत्तरेत गेले आणि काशीस त्यांनी घाट, वाडा, अन्नछत्र अशी पुण्याची कामे केली. १८२४ साली ते वारले. पुण्याच्या गादीशी त्यांचा संबंध संपला, तरी गंगेच्या काठावरील दगडांवर त्यांचे नाव राहिले. या पायऱ्यांवर संध्याकाळी बसले की जवळच्या एखाद्या मंदिरातून भजनाचे सूर येतात आणि त्या सुरांच्या मागे हटकून पेटी असते. ऐकणाऱ्याला ती जन्मापासून इथलीच वाटते. वस्तुतः तिचा जन्म पॅरिसचा, आणि तिचे वय अमृतरावांच्या घाटापेक्षाही कमी.

महाराष्ट्राने काशीला काय दिले याचा हिशेब आपण नेहमी मांडतो. घाट, अन्नछत्रे, वेदशाळा, पंडितांची घराणी अशी ती यादी असते. काशीने, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर काशी-लखनौ या पूरब प्रांताने, महाराष्ट्राला काय दिले याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. तो मांडावयाचा झाल्यास त्यात एका नोंदीला मानाचे स्थान द्यावे लागेल, आणि ती नोंद गोविंद सदाशिव टेंबे यांच्या नावावर आहे. १८८१ साली जन्मलेले आणि १९५५ साली निवर्तलेले गोविंदराव हे नट, नाटकमंडळीचे भागीदार, संगीतरचनाकार, चित्रपटाचे नायक आणि ग्रंथकार असे सर्व काही होते. पण महाराष्ट्राने त्यांना 'पेटीवाले' म्हणून ओळखले, आणि ही ओळख सर्वांत खरी आहे असे आम्हांस वाटते. पाश्चात्त्य देशांत पियानो वाजवून एकट्याच्या बळावर सभागृह भारून टाकणारा जो कलावंत असतो, त्याला आपल्याकडे जवळचे कोण, असे विचारल्यास सतारिये किंवा बीनकार यांची नावे पुढे येतात. पण पट्ट्यांचे वाद्य घेऊन, साथीदाराची दुय्यम जागा सोडून, मैफलीच्या मध्यभागी येऊन बसणारा मनुष्य हा टेंब्यांच्या रूपानेच प्रथम मराठी श्रोत्यांच्या मनावर ठसला.

ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते. तशी ती नव्हती.

१

पेटी ही मुळात युरोपीय. अलेक्सांद्र दबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. ख्रिस्ती पाद्र्यांबरोबर आणि गोऱ्या साहेबांच्या दिवाणखान्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एका हाताने भाता चालवून दुसऱ्या हाताने वाजवावयाची सुटसुटीत हातपेटी प्रचारात आणली. खुर्चीवर बसून पायाने भाता हाकण्याऐवजी आता भारतीय बैठकीवर मांडी घालून ती वाजवता येऊ लागली. त्या एका सोयीने तिचा प्रसार इतका झाला की सारंगियाला मिळणारी साथीची जागा तिने पाहता पाहता बळकावली. सारंगिया शोधावा, त्याने तारा जुळवाव्या, हवेच्या ओलाव्याने त्या पुन्हा उतराव्या, त्यापेक्षा झाकण उघडताच सुरात असलेली पेटी कोणाला नको होईल? मराठी नाटकमंडळ्यांना तर ती पर्वणीच ठरली. रात्रभर चालणारी नाटके, गावोगावचे तंबू, पंचवीस-तीस पदे, आणि घशाला आधार देणारा न थकणारा सूर.

पण तिच्या सोयीतच तिचा दोष होता. तिचे स्वर धातूच्या पातळ जिभांतून निघतात. त्या जिभा एकदा घासून बसवल्या की त्यांचा स्वर ठरला तो ठरला. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणारी पियानोची जी व्यवस्था, तीच पेटीतही आली. या व्यवस्थेतील शुद्ध गंधार हा तंबोऱ्याच्या तारेतून स्वयंभू उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटांनी चढा असतो. एक सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. फरक थोडा दिसतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याला तो कुसळासारखा टोचतो. दुसरा दोष त्याहून मोठा. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत, मधल्या सर्व जागांना स्पर्श करीत जाण्याची जी क्रिया, म्हणजे मींड, ती आपल्या गाण्याचा प्राण आहे. आणि पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकडाची फट आहे, स्वर नाही.

पियानोशी तुलना केली असता आणखी एक उणीव दिसते. पियानोची पट्टी हलक्या बोटाने दाबली तर स्वर हलका येतो, जोराने मारली तर घुमतो. प्रत्येक स्वराचे वजन बोटाच्या हाती असते. पेटीच्या पट्टीला असे काही कळत नाही. स्वराचा लहानमोठेपणा सर्वस्वी भात्याच्या वाऱ्यावर अवलंबून, आणि वारा सर्व पट्ट्यांना एकच. बरे, पियानोवाल्याचे दोन्ही हात मोकळे. हातपेटीवाल्याचा एक हात भात्याला कायमचा वाहिलेला. मात्र एक गोष्ट पेटीच्या बाजूची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. पियानोचा स्वर आघात होताच विझू लागतो. पेटीचा स्वर वारा आहे तोवर जगतो, फुगतो, ओसरतो. म्हणजे तिला श्वास आहे. ज्याला गळ्यासारखे वाजवावयाचे आहे त्याला हा श्वासच उपयोगी पडतो.

या उणिवांवर उपाय करण्याचा एक शास्त्रीय प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचे गणित मांडले, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली. पण भातखंडे आणि तेथे जमलेले गवई यांना ती पटली नाही. गणिताने स्वर वाढले, पण मींड आली नाही. दोन फटींच्या जागी चार फटी झाल्या इतकेच. टेंबे यांनी या वाटेने जाण्याचे टाळले. त्यांनी वाद्य बदलले नाही, बोटे बदलली.

२

टेंबे यांचे बालपण आणि घडण कोल्हापूरची. शाहू छत्रपतींच्या काळातील कोल्हापूर हे गाण्याच्या दृष्टीने दुसरे ग्वाल्हेर होऊ पाहत होते. १८९५ साली अल्लादियाखाँसाहेब दरबारात आले. देवल क्लबात गाण्याची ऊठबस चाले. टेंबे यांनी संगीताची पहिली दीक्षा या क्लबातच घेतली. कोणा एका उस्तादासमोर गंडा बांधून वर्षानुवर्षे पलटे घोटण्याचा क्रम त्यांच्या वाट्यास आला नाही. भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन आणि साथ, अल्लादियाखाँसाहेबांचा दीर्घ सहवास, आणि या दोहोंना पुरून उरणारा स्वतःचा कान, एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले. हे भांडवल कमी होते असे म्हणता येणार नाही. उलट असे म्हणता येईल की, पेटीला परंपराच नसल्यामुळे तिच्या वादकाला कोणी परंपरा शिकवूही शकत नव्हते. ती गळ्याकडून उसनी घ्यावी लागणार होती, आणि उसने घेणाऱ्याने आधी उत्तम श्रोता असावे लागते.

भास्करबुवांची साथ करणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. बुवांच्या गायकीत ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांचे पाणी मिसळले होते. असा गवई कोणत्या क्षणी कोणत्या अंगाने वळेल याचा नेम नसतो. साथीदाराने त्याच्या मागोमाग जावयाचे, पण अर्ध्या मात्रेपेक्षा मागे पडावयाचे नाही. तो थांबला तर पोकळी भरावयाची, पण आपले म्हणणे मांडावयाचे नाही. ही शिस्त ज्याने अनेक वर्षे पाळली, त्याला दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या येते. टेंबे यांच्या लेखनात पुढे जी सहानुभूती दिसते, गवयाची अडचण, त्याची हुलकावणी, त्याची थकवा लपविण्याची तऱ्हा यांचे जे ज्ञान दिसते, ते या साथीच्या काळातले आहे, असा आमचा समज आहे. लेखकाची तालीम अशी लेखणीवाचूनही होऊ शकते.

आणि तरीही त्यांनी साथ सोडली. एकट्याने वाजविण्याचा मार्ग पत्करला. यात महत्त्वाकांक्षा नव्हती असे म्हणण्याचा भाबडेपणा करू नये. पण महत्त्वाकांक्षेबरोबर एक सौंदर्यविषयक प्रश्नही होता. गायकाच्या मागे असताना पेटीची उणीव गायकाचा गळा झाकतो. मींड तो घेतो, पेटी दोन्ही टोके दाखवते, आणि श्रोत्याच्या कानात दोन्ही मिळून एक रेषा उमटते. गायक उठून गेला की पेटी उघडी पडते. आता जी रेषा दिसावयाची ती तिने स्वतः काढली पाहिजे. टेंबे यांनी हे धाडस केले. ते कसे, याचे उत्तर वादनाच्या तंत्रात आहे. पट्टी पुरती सुटण्यापूर्वीच दुसरी दाबणे. मुख्य स्वराला शेजारच्या पट्टीचा ओझरता कण लावणे. स्वर मधोमध असताना भात्याचा वारा किंचित सोडून त्याला ओथंबवणे. खटका आणि मुरकी इतक्या हलक्या हाताने घेणे की कानाने मधली फट आपण होऊन भरून काढावी. चित्रकार जसा दोन रंगांच्या ठिपक्यांतून तिसरा रंग डोळ्याला दाखवतो, तशीच ही युक्ती आहे. मींड वाजत नाही. ती ऐकू येते.

अर्थात या युक्तीलाही मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय टेंबे यांची थोरवीही नीट सांगता येणार नाही. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर येत नाही. विलंबित ख्यालाची धीमी आलापी, जिथे स्वर हळूहळू उमलतो, तिथे ठिपके दिसू लागतात. म्हणून पेटीच्या स्वतंत्र वादनाला जी भूमी सर्वांत मानवली ती ठुमरीची, दादऱ्याची, होरीची, नाट्यपदाची. जिथे स्वर चपळ आहेत, जिथे एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना नखरा आहे, तिथे पेटी गळ्याशी स्पर्धा करू शकते. आणि येथेच आपण पुन्हा गंगेच्या काठी येऊन पोहोचतो.

३

पेटी आणि ठुमरी यांची ही जोडी उत्तरेत ज्याने जुळवली तोही मराठाच. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांचे पुत्र भैयासाहेब गणपतराव हे ख्यालधृपदाच्या नगरीत वाढूनही ठुमरीच्या नादी लागले, आणि हार्मोनियमवर त्यांनी असा हात मिळवला की बनारसचा मौजुद्दीन, गोहरजान अशा गाणाऱ्यांवर त्यांच्या वळणाची छाप पडली. राजपुत्राने विलायती पेटी घेऊन कोठ्यांवरील गाण्याला प्रतिष्ठा द्यावी, हा इतिहासाचा एक मौजेचा खेळ आहे. शिंद्यांच्या घरातून जे उत्तरेत गेले, ते टेंब्यांच्या हातून दक्षिणेत परतले, असे म्हटले तर त्यात अलंकार आहे, पण असत्य नाही.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल वारले आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. तिच्या तेजात दुसरी एक गोष्ट झाकली गेली. तिसाव्या वर्षात असलेल्या टेंब्यांनी त्या रात्री मराठी नाट्यसंगीताचा रस्ता बदलला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांमागे कीर्तन होते, साकी-दिंडी-कामदा होते, कानडी मुलखातील चाली होत्या, लावणी होती. गोविंद बल्लाळ देवलांनी ती परंपरा अधिक नाजूक केली. पण टेंब्यांनी 'मानापमाना'साठी ज्या चाली निवडल्या त्यांत ठुमरी, दादरा, होरी, कजरी यांचे पूरबी वळण होते. खाडिलकरांचे हे पहिलेच संगीत नाटक. चाली आधी आणि शब्द मागून, असा तो व्यवहार होता.

या व्यवहारात काय मिळाले आणि काय हरवले, हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा विचारला गेलेला नाही. ठुमरीचा जीव बोल-बनावात असतो. दोन ओळींचे सामान्यसे बोल, बहुधा ब्रज किंवा अवधी वळणाचे, ऱ्हस्व स्वरांनी आणि मऊ व्यंजनांनी भरलेले. गाणारी त्याच एका बोलाला पंधरा वेळा पंधरा तऱ्हांनी म्हणते, आणि प्रत्येक वेळी रुसवा, आर्जव, थट्टा, खंत असा निराळा अर्थ निघतो. शब्द तोच, अर्थ स्वराने घडवावयाचा. नाटकाच्या पदाचे काम याच्या उलट. त्याने कथा पुढे न्यावी, पात्राचा युक्तिवाद सांगावा, एका कडव्यात एक विचार पुरा करावा. त्यात खाडिलकरांची शैली संस्कृतप्रचुर, समासांनी बांधलेली, वीररसाकडे ओढ घेणारी. अशा शब्दांना बनारसी चाल नेसवली की काही ठिकाणी ती फाटते. नाट्यपद गाताना अर्थ हरवतो, अन्वय लागत नाही, ही तक्रार आपण नेहमी नटाच्या माथी मारतो. पण तिचे मूळ पुष्कळदा चाल आणि भाषा यांच्या या विजोड संसारात असते.

पण याच विजोडीतून एक नवी वस्तू जन्मली. पूरबच्या ठुमरीत नायिका एका श्रोत्याला उद्देशून गाते. खोली लहान असते, आणि नजर जवळची. टेंब्यांनी तीच नजर हजार माणसांच्या नाट्यगृहात आणली, आणि बालगंधर्वांच्या गळ्याने ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवली. घरंदाज मराठी प्रेक्षकाला ज्या कोठ्यावर पाऊल टाकण्याची सोय नव्हती, तेथील गाण्याचा अर्क कुलीन वेषात, पौराणिक वा ऐतिहासिक वाटणाऱ्या नायिकेच्या मुखी, सहकुटुंब ऐकावयास मिळू लागला. मूळ गाणाऱ्या बाया मात्र या कुलीनतेत कोठेच आल्या नाहीत. चालीवर त्यांचे नाव नाही. पदावर नाटककाराचे आणि गळ्यावर नटाचे. गोहरजानचे बालपण काशीत गेले, १९०२ साली तिचा आवाज तबकडीवर उमटला आणि त्या तबकड्या दूरवर फिरल्या; त्यांच्या ऋणाचा उल्लेख आपण पदांच्या पुस्तकांत कितीसा करतो?

'मानापमाना'नंतर १९१३ साली 'विद्याहरणा'चे संगीतही टेंब्यांनी दिले. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ही भागीदारी फार टिकली नाही. टेंबे दोन वर्षांत बाहेर पडले आणि 'शिवराज' ही स्वतःची मंडळी त्यांनी काढली. नाटकमंडळ्यांच्या फाटाफुटीचा इतिहास आपल्याकडे चवीने लिहिला जातो. आम्हांस त्यात फारसे स्वारस्य नाही. एवढेच नोंदवावयाचे की, टेंबे गेल्यावर १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवांनी चाली दिल्या, आणि त्यांत ख्यालाचे, रागदारीचे अंग पुढे आले. गुरू आणि शिष्य यांच्या दोन नाटकांत मिळून मराठी नाट्यसंगीताचे दोन ध्रुव ठरले. पुढील पन्नास वर्षांचे नाट्यसंगीत या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहिले.

४

६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट मुंबईत झळकला. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती; दिग्दर्शक शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. पन्नाशीतला पेटीवाला मराठीचा पहिला बोलका नायक झाला. राजा हरिश्चंद्राच्या कथेचा सारा करुण भाग काशीत घडतो. तेथेच तो पत्नीला विकतो, तेथेच स्मशानाचा चाकर होतो. ज्या घाटावर तो उभा होता अशी श्रद्धा आहे तो हरिश्चंद्र घाट अमृतराव घाटापासून दक्षिणेस चालत जाण्याइतका जवळ आहे. कोल्हापूरच्या आवारात काशीचा देखावा उभारून टेंबे त्यात गायले. त्याच वर्षीच्या 'मायामच्छिंद्र' चित्रपटातही त्यांची प्रमुख भूमिका होती, आणि १९३३ च्या 'सैरंध्री'ला संगीत त्यांनीच दिले.

चित्रपटातील त्यांच्या कामगिरीविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या वाढीचा तो काळ नव्हे, प्रसिद्धीचा होय. तथापि एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी गाणे आणि चित्रण एकाच वेळी होत असे. नटाने कॅमेऱ्यासमोरच गावयाचे आणि वाद्ये चौकटीबाहेर लपून साथ करावयाची. रंगमंचावरचा नाट्यगायक आणि लपलेला साथीदार या दोन्ही भूमिका आयुष्यभर केलेला मनुष्य या नव्या यंत्राला का भ्याला नाही, हे त्यावरून समजते.

५

१९३९ साली 'माझा संगीत-व्यासंग' प्रसिद्ध झाला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्ही सुचवतो.

बंदीमागे जे होते त्यांची नावे लहान नव्हती. नभोवाणीचे प्रमुख लायनेल फील्डन यांना ही पेटी सहन होत नसे. नभोवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागातील जॉन फोल्ड्स या संगीतकाराने तिच्याविरुद्ध लिहिले. रवींद्रनाथांनीही त्याच वर्षी कलकत्ता केंद्राला आपला विरोध कळवला. युक्तिवाद सर्वांना ठाऊक होता: स्वर अचल, श्रुती नाहीत, मींड नाही, मूळ परदेशी. यांतील एकही विधान खोटे नाही. तरीही निष्कर्ष आम्हांस चुकीचा वाटतो. कारण तो वाद्याविषयीचा आहे, वादनाविषयीचा नाही. वाद्याच्या उणिवेवरून कलेचा निकाल लावावयाचा तर संगमरवराला रंग नसतो म्हणून मूर्तिकला बाद करावी लागेल. परदेशीपणाचा आक्षेप तर व्हायोलिनवर कोणी घेतला नाही; त्याची तार सरकत्या बोटाखाली वाकते म्हणून त्याला कर्नाटकाने कधीच आपले म्हटले.

पुढे १९७१ साली ही बंदी अंशतः उठली. साथीला पेटी येऊ लागली. पण स्वतंत्र पेटीवादनाला नभोवाणीने त्यानंतरही दीर्घकाळ दार उघडले नाही. म्हणजे टेंब्यांनी सोडलेली साथीची जागा क्षम्य ठरली, आणि त्यांनी मिळवलेली मध्यभागाची जागा मात्र नाही. १९५५ साली ते वारले तेव्हा देशातील सर्वांत मोठ्या ध्वनिमंचावर त्यांच्या वाद्याला मज्जाव होता. नभोवाणीच्या संग्रहात ज्या काळातील गवयांचे तासतासभराचे गाणे सापडते, त्या काळातील हा वादक आपल्याला तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांतून शोधावा लागतो. पी. मधुकर, मनोहर चिमोटे, तुळशीदास बोरकर यांनी स्वतंत्र वादनाची वाट पुढे चालू ठेवली. चिमोट्यांनी वाद्यात फेरफार करून त्याला 'संवादिनी' असे नाव दिले. पण ही वाट बऱ्याच अंशी खाजगी मैफलींतून आणि शिष्यांच्या बोटांतून चालली.

अशा स्थितीत टेंब्यांची पुस्तके ही केवळ आठवणींची पुस्तके राहत नाहीत. 'माझा संगीत-व्यासंग', १९४८ चा 'माझा जीवनविहार', १९५४ चे अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र, हे त्यांच्या श्रवणाचे भांडार आहे. त्यांच्या आधी मराठीत संगीतावर लिहिले गेले नव्हते असे नाही. भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० साली निघाला होता, आणि गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला तो ग्रंथ मराठी शास्त्रीय गद्याचा नमुना आहे. पण भातखंडे राग पाहतात, टेंबे गवई पाहतात. भातखंडे विचारतात की या रागात कोमल धैवत घ्यावा की नाही. टेंबे पाहतात की त्या रात्री त्या गवयाने तो कसा घेतला, समोर कोण होते, आणि त्यानंतर सभेत काय झाले. संगीतसमीक्षेला वृत्तपत्री चपळता दिली ती केशवराव भोळे यांनी.

या गद्याचे वैशिष्ट्य त्याच्या शब्दसंपत्तीत आहे. संगीताविषयी लिहिताना मराठी लेखकापुढे दोन संकटे असतात. एक, शास्त्राची परिभाषा, जी अनुभवाला पोहोचत नाही. दुसरे, काव्यात्म उद्गारांचा पूर, ज्यात अनुभव बुडून जातो. टेंब्यांनी तिसरा मार्ग काढला, आणि तो कारागिराचा मार्ग आहे. जागा, वळण, पेच, फेक, ठेवण, आंदोलन, भरणा, बेहलावा अशा मैफलीतल्या बोलीतील शब्दांना त्यांनी छापील पानावर आणले. हे शब्द गवयांच्या तोंडी होते, उर्दू-हिंदी-मराठीच्या सरमिसळीत वाढलेले. सुशिक्षित मराठी गद्याने त्यांना बाहेरच ठेवले होते. चालीच्या बाबतीत जे त्यांनी १९११ साली केले तेच भाषेच्या बाबतीत तीन दशकांनी केले: अंगणाबाहेरची वस्तू माजघरात आणली. फरक एवढाच की, या वेळी त्यांनी देणाऱ्यांची नावेही लिहिली.

अल्लादियाखाँसाहेबांच्या चरित्राचे मोल या दृष्टीने विशेष आहे. खाँसाहेबांनी नातवाला सांगितलेले आत्मवृत्त ग्रंथरूपाने सर्वांच्या हाती यावयास त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. तोवर मराठी वाचकाला खाँसाहेब दिसले ते पुष्कळसे टेंब्यांच्या डोळ्यांनी. जयपूर घराण्याची ती पेचदार, अखंड, एका श्वासात अनेक वळणे घेणारी तान ही पट्ट्यांना जवळजवळ अशक्य. जे आपल्या वाद्यावर कधीच पूर्णपणे येणार नाही, त्याचे चरित्र एका वादकाने आयुष्याच्या अखेरीस लिहावे, याला केवळ गुरुभक्ती म्हणणे अपुरे वाटते. बोटांना जी फट ओलांडता आली नाही, ती ओलांडण्याचा तो लेखणीने केलेला प्रयत्न होता, असे आम्ही समजतो; आणि त्या पुस्तकातील शैलीचे दोष, म्हणजे विषयांतर, व्यक्तींची गर्दी, मधूनच येणारा स्वतःचा मोठेपणा, हे या प्रयत्नापुढे क्षुल्लक ठरतात.

त्यांच्या वादनाचे जे तुरळक ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते, ते ऐकताना प्रथम तबकडीची खरखर ऐकू येते, मग भात्याचा वारा, आणि मग स्वर. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण पट्ट्या मोजत असतो. नंतर केव्हातरी मोजणे थांबते. नेमके कोणत्या स्वरावर थांबले हे शोधण्यासाठी तबकडी पुन्हा लावली, तर दुसऱ्या वेळी ते निराळ्याच स्वरावर थांबते.